साहेब गेल्यावर

"मावशी, झाकण जरा उचला बरं."

स्वयंपाकाच्या मावशींनी पातेल्यावरचे झाकण उचलले. वाफेचा लोट थेट तपासनिसाच्या चष्म्यावर आला आणि त्याला काहीच दिसेनासे झाले. तरीही "छान, छान," म्हणत त्याने मान डोलावली. सूप गरम होते, भात मोकळा होता आणि भाजी अळणी होती, कारण खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितले होते. तपासण्यासारखे होते ते एवढेच. दुसरा कोणी असता तर उभ्या उभ्या सही ठोकून पुढच्या कामाला लागला असता. समाजकल्याण कार्यालयाच्या या तपासनिसाचा मात्र दर गुरुवारी इथून पाय निघत नसे.

प्रार्थनाघराच्या मागच्या दालनात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचे जेवण मिळे. पूर्वी प्रार्थनाघराची मंडळी पदरमोड करून ते चालवीत. हात आखडता घ्यायची वेळ आली तेव्हा सरकार मदतीला आले. शिधा सरकारचा, आणि जागा, चूल, माणसे प्रार्थनाघराची, असा संसार थाटला गेला. संसार म्हटला की अटी आल्याच. सरकारच्या अन्नाला देवाची अट लागता कामा नये. येणारा कुठल्या देवाचा आहे, की कुठल्याच नाही, हे कोणी विचारायचे नाही. म्हणून जेवणाच्या वेळी दालनाच्या समोरच्या भिंतीवर निळा पडदा ओढला जाई, आणि त्यामागे जे काही पवित्र होते ते तेवढ्यापुरते रजेवर जाई. हे सगळे नीट पाळले जाते ना, ते पाहायला हा तपासनीस.

चष्मा पुसून तो दालनात आला आणि लांब टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढून बसला. ताटे वाढून झाली होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मंडळी हात मांडीवर ठेवून बसली होती. कोणी चमच्याला हात लावला नव्हता.

"तर काय झालं," तपासनिसाने सुरुवात केली, "आमच्या कार्यालयातला पंखा. महिनाभर कुरकुरतोय. मी म्हटलं, साहेब, हा एक दिवस कुणाच्यातरी डोक्यावर पडणार. साहेब म्हणतात, अर्ज करा."

"मग केलात का?" कंडक्टरनी विचारले. ते बसवर होते त्याला कितीतरी वर्षे झाली होती, पण इथे त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत.

"केला की! तर तो अर्ज नेमका पंख्याखालच्या टेबलावर जाऊन पडला, आणि त्या टेबलावर आता भीतीनं कुणी बसत नाही."

मंडळी हसली. तपासनिसाला बरे वाटले. हा पंखा त्याने शुक्रवारपासून जपून ठेवला होता. आठवड्यात जे काही थोडेफार सांगण्यासारखे घडे, ते तो असेच गुरुवारसाठी राखून ठेवी. कार्यालयात तो बोलायला लागला की लोकांना नेमके फोन आठवत. घरी तर बोलायचा प्रश्नच नव्हता. आईचे करता करता लग्न राहून गेले होते, आणि मग एके दिवशी आईही गेली होती. राहिलेल्या दोन खोल्यांत नळ तेवढा बोलत असे.

अगदी पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "अहो, सुरू करा ना तुम्ही, माझ्यासाठी कशाला थांबता?" तेव्हा कंडक्टर म्हणाले होते, "होईल हो, घाई काय आहे? तुमचं होऊ द्या." शेजारच्या शाळेच्या बाईंनी, म्हणजे शिकवणे सोडूनही ज्यांच्यापुढे अजून सगळे ताठ बसत त्यांनी, मान हलवून दुजोरा दिला होता. तेव्हापासून हेच चालले होते. तो बोलत असेपर्यंत कोणी घास उचलत नसे. तो उठला की सगळे एकदम "या हं साहेब," म्हणत. त्या एकदम म्हणण्यात त्याला घर भेटल्यासारखे वाटे.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. ती दूरच्या शहरात, भरल्या घरात.

"दादा, जेवलास का?"

"आज गुरुवार ना गं. आज माझी मंडळी असतात. तुला सांगतो, मी उठल्याशिवाय एक माणूस घास घेत नाही. सख्ख्या घरात मिळत नाही एवढा मान."

"नशीबवान आहेस बाबा. इथे मी ताटावर बसेपर्यंत भाजी संपलेली असते."

फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ खुशीत असे. खोटे कशाला सांगा, आठवडा तो त्या एका दुपारवर काढत होता.

पुढच्या गुरुवारी टेबलाशी एक नव्या आजी होत्या. नवरा नुकताच गेलेला, दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिऱ्या. तपासनीस येऊन बसला, घरमालकाच्या मांजरीची गोष्ट सांगू लागला. आजींनी ताटासमोर हात जोडले आणि डोळे मिटले. काही होईना तेव्हा एक डोळा उघडून इकडेतिकडे पाहिले. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला.

"थांबा जरा," शेजारून कंडक्टर हळूच म्हणाले.

"काय?"

"थांबा म्हणतो."

"मोठ्यानं बोला हो. आणि प्रार्थना म्हणा ना कुणीतरी! ताट वाढून केव्हाचं पडलंय."

तपासनीस मांजरीच्या अर्ध्यावर थांबला. शाळेच्या बाईंनी आजींना हाताने खूण केली, पण आजींना खुणेत रस नव्हता. शेवटी कंडक्टरनी नाइलाजाने तोच आवाज काढला ज्याने त्यांनी जन्मभर बस थांबवली होती.

"साहेब गेल्यावर म्हणू! ते असताना म्हणता येत नाही!"

"अगंबाई," आजी तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "मग ते जात का नाहीत?"

दालनात कोणी हसले नाही. कंडक्टर आपल्या ताटाकडे पाहू लागले. तपासनिसानेही पाहिले. सुपावर जाडसर साय धरली होती. त्याच्या शेजारच्या वाडग्यात, पलीकडच्या वाडग्यात, टेबलाच्या शेवटापर्यंत प्रत्येक वाडग्यात तशीच साय होती. इतक्या गुरुवारांत ती त्याला कधी दिसली नव्हती.

"चला, येतो मी," तो म्हणाला. या वेळी कोणी एकदम "या हं" म्हटले नाही.

तो बाहेर न जाता मागे स्वयंपाकघरात गेला. तिथे मावशी पातेले खरवडत होत्या आणि प्रार्थनाघराचा कारभार पाहणाऱ्या ताई शिध्याच्या पोत्याचे तोंड बांधत होत्या.

"ताई, मी असताना हे लोक जेवत नाहीत, ते प्रार्थनेसाठी?"

ताईंनी पोत्याची गाठ पक्की केली आणि मगच वर पाहिले. "आता तुम्हाला कळलंच आहे तर, हो."

"पण मी कधी मनाई केली?"

"केलीत की. पहिल्याच दिवशी. उभे राहून सांगितलंत, जेवणाच्या वेळेत प्रार्थना चालणार नाही."

"म्हणजे सक्ती चालणार नाही! संस्थेनं म्हणायला लावायची नाही, एवढंच. कुणी आपल्या मनानं हात जोडले तर सरकारचं काय जातंय?"

"हे पुढचं तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत!"

"कसं विचारणार?" ताई शांतपणे म्हणाल्या. "सरकारी माणसाला विचारलं आणि तो नाही म्हणाला, म्हणजे ते कायमचं नाही. न विचारता तुम्ही गेल्यावर म्हटलेलं बरं. हे लोक लहानपणापासून प्रार्थनेशिवाय जेवलेले नाहीत, साहेब. आता या वयात काय सवय मोडणार?"

त्यांचे खोटे नव्हते. पहिल्या दिवशी आपण किती ऐटीत बोललो होतो ते तपासनिसाला आठवले. नवी योजना, नवा रंग दिलेले दालन, आणि समोर इतकी माणसे कान देऊन ऐकत असलेली. तसे आयुष्यात कधी घडले नव्हते, म्हणून आवाज जरा जास्तच चढला होता.

"मग निदान मला उठवायचं तरी," तो म्हणाला. "साहेब, आटपा, म्हणायचं."

आता मावशींनी पातेले खाली ठेवले. "मी म्हणणार होते. खरं सांगते, दुसऱ्याच आठवड्यात म्हणणार होते. जेवण मी गरम करते ते गार खायला नाही. पण कंडक्टर म्हणाले, राहू दे मावशी. माणूस एकटा आहे. त्याला बोलायला कुणी नाही. गार सुपानं कुणी मरत नाही."

"असं म्हणाले?"

"सगळेच म्हणाले. शाळेच्या बाई म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस एवढं करायला काय हरकत आहे."

तपासनिसाला लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. पण लाजेपेक्षा मोठे होते ते दुःख. इतके दिवस त्याला वाटत होते की आपण या एकट्या माणसांची विचारपूस करायला येतो, आणि तीच माणसे वाढलेली ताटे पुढ्यात ठेवून त्याची विचारपूस करत होती. योजनेत त्याचे नाव नव्हते इतकेच. लाभ मात्र त्याने सगळ्यांत जास्त घेतला होता.

पुढच्या गुरुवारी तो आला तोच उभा राहिला. खुर्ची ओढली नाही. पहिल्या दिवसासारखाच, पण खालच्या आवाजात म्हणाला, "माझी चूक झाली. तुम्हाला हवी तर तुम्ही प्रार्थना म्हणा. आपल्या मनानं म्हटली तर काही अडचण नाही. मी असलो तरी नाही. आत्ता म्हणा. मी इथेच बसतो, आणि मग सगळे गरम गरम जेवा."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. आजींना कंडक्टरनी कानात ओरडून सांगितले, त्यांचा चेहरा खुलला. शाळेच्या बाईंनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. तपासनीस खाली मान घालून बसला. त्याला धड हात जोडता येईनात, कारण तो सरकार होता. आणि हात मोकळे ठेवणेही बरे दिसेना. शेवटी त्याने ते खिशात घातले.

बाईंचा आवाज पहिल्या ओळीनंतर बारीक झाला. बाकीच्यांनी ओठ हलवले, पण शब्द घशातच राहिले. शाळेत तपासणी असली की मुले कविता म्हणतात, तशी ती प्रार्थना झाली. कंडक्टर तर मधेच अडखळले आणि चोरट्या नजरेने तपासनिसाकडे पाहू लागले, चुकले की काय म्हणून. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि भराभर चमचे उचलले.

त्याने परवानगी दिली होती, पण त्याच्यासमोर ती कोणाला वापरता येत नव्हती. त्याला कोणी वाईट समजत नव्हते. तो फक्त बाहेरचा होता, आणि बाहेरच्या माणसाने कितीही प्रेमाने पाहिले तरी ते पाहणेच असते.

बाहेर पडताना ताई दारापर्यंत आल्या. "सुट्टीच्या दिवशी या ना, साहेब. तेव्हा योजना नसते. आमच्यातले म्हणून बसा, चार घास खा."

"येईन," तो म्हणाला. दोघांनाही माहीत होते की तो येणार नाही. आई गेल्यापासून त्याने कुठल्याच देवापुढे हात जोडले नव्हते, आणि केवळ सोबत मिळावी म्हणून ते जोडणे त्याला चोरीसारखे वाटले असते.

त्या संध्याकाळी बहिणीने विचारले, "काय दादा, आजही थांबली होती का मंडळी तुझ्यासाठी?"

"त्यांचं जेवण गार होतं गं," तो म्हणाला. "मी आता लवकर निघत जाणार आहे."

"मग तू काय करणार?"

"मला कामं काय कमी आहेत?"

पुढच्या गुरुवारी त्याने झाकण उचलायला लावले, चष्मा पुसला, "छान, छान," म्हटले. दालनात ताटे मांडली जात होती. मावशींनी सूप वाडग्यांत ओतायला घेतले तसा तो दाराशी आला. या आठवड्यात कार्यालयाचा पंखा खरोखरच पडला होता, अगदी त्या रिकाम्या टेबलावर, थेट अर्जावरच. सांगितले असते तर मंडळी पोट धरून हसली असती. ते त्याच्या ओठांवर आले होते.

"निघालात?" कंडक्टरनी विचारले.

"हो. आज जरा घाई आहे."

"या हं साहेब," सगळे एकदम म्हणाले. त्यांचे हात तेव्हाच ताटासमोर यायला लागले होते.

तो बाहेर आला आणि दार लोटून घेतले. दार पुन्हा उघडले. सरकारने दालनाला रंग दिला होता, पण दाराची कडी दुरुस्त करणे कोणाच्या वाट्याचे काम ते ठरले नव्हते, आणि त्या दिवशी वाराही होता. त्याने पुन्हा लोटले, ते पुन्हा कुरकुरत हातभर उघडले. फटीतून शाळेच्या बाई दिसल्या. त्यांनी सुरू करण्यासाठी तोंड उघडले होते, आणि त्याला पाहून मिटले.

तपासनिसाने दार ओढले आणि मूठ धरून तो बाहेर उभा राहिला.

आतून आवाज आला. आधी बाईंचा, मग कंडक्टरचा, मग सगळ्यांचा. आजी बहुधा सगळ्यांच्या एक ओळ पुढे होत्या आणि त्यांना कोणी थांबवत नव्हते. इतका मोठा, मोकळा आवाज या माणसांना आहे, हे त्याला माहीतच नव्हते. वारा दाराला ढकलत होता आणि तो दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरून होता.

रस्त्यावरून जाणारा पोस्टमन सायकल हळू करून म्हणाला, "काय साहेब, बाहेर का? आत कुणी घेत नाही का?"

"तसं नाही," तपासनीस म्हणाला. "दार नीट लागत नाही."

पोस्टमन गेला. आतली प्रार्थना संपली, क्षणभर शांतता झाली आणि चमचे वाजू लागले. तरीही त्याने थोडा वेळ मूठ सोडली नाही, पहिले चार घास गरम पोटात जावेत म्हणून.