सुभेदारांनी बाजू बदलली

आमच्या दूध डेअरीत जगातल्या कुठल्याही प्रश्नाचा निकाल लागतो. दूध घालायला आलेल्या माणसाला फॅट निघेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसाला मत असतंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी या डेअरीचा सचिव. दूध मापून घ्यायचं, मशीनवर फॅट बघायची आणि बोलणाऱ्यांच्या हातात पावती देऊन त्यांना वाटेला लावायचं, एवढं माझं काम. मत मांडायची मला हौस नाही, ऐकायची मात्र खोड आहे.

रशियानं युक्रेनमध्ये फौज घातली तेव्हा डेअरीला चांगले दिवस आले. रहिमतपूरच्या या अंगाला आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर फौजेतून परतलेला. त्यामुळं कुठंही लढाई सुरू झाली की इथं प्रत्येकाला वाटतं, आपल्याला न विचारता सुरू केलीच कशी? त्यात दोघे पट्टीचे. सयाजी सुभेदार पायदळातून निवृत्त झालेले, उसाची बागायत बाळगून असलेले. तात्याबा हवालदार त्यांचे चुलतभाऊ. फौजेत त्यांनी जन्मभर गाड्या चालवल्या. वयानं ते मोठे, पण हुद्द्यानं खाली. म्हणून सुभेदार त्यांना अरेतुरे करत, आणि तात्याबा त्यांना 'सुभेदार' अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला हवालदारच वरचा वाटावा.

"घुसला तो चोर," सुभेदारांनी पहिल्याच सकाळी निकाल दिला. "मी सरहद्दीवर हुबा ऱ्हायलोय. दुसऱ्याच्या हद्दीत आधी पाय टाकायचा असतोय, कारण मागनं हुडकायचं असतंय."

"आवं सुभेदार, एकाहत्तरच्या लढाईत आपल्या मागं कोण हुबं ऱ्हायलं? रशियाच की." तात्याबा म्हणाले. "त्याच्या दारात दुश्मन तंबू ठोकाय लागला, तर त्यानं काय हात बांधून बसायचं? आन शेजारी तरी कोण? भाऊबंदच की. घरातलं भांडान हाय त्ये."

"भाऊबंदच बांध कोरतो, तात्याबा. परक्याला कुठं म्हाईत असतंय बांध कुठनं कुठवर हाय!"

यावर सगळे हसले, कारण रांगेतल्या निम्म्या लोकांचे बांध शेजारच्या भावानं कोरलेले होते, आणि उरलेल्या निम्म्यांनी ते कोरले होते. असं दोन वर्षं चाललं. तिकडं गावंच्या गावं पडत होती. इकडं सुभेदार आणि तात्याबा रोज सकाळी एकेक शहर घेत होते आणि सोडत होते. संध्याकाळी दोघे एकाच तंबाखूच्या पुडीतून चिमूट घेत.

मग मध्ये वीरधवल आला.

वीरधवल सुभेदारांचा नातू. त्याचा बाप फौजेत असतानाच आजारानं गेला. आई क्रांतीनं त्याला वाढवला, आणि आजोबांनी पळवला. शब्दशः पळवला, रोज पहाटे ओढ्याच्या रस्त्यानं, हातात घड्याळ धरून. पोरगं दोन भरत्यांत धावण्यात पहिलं आलं आणि मेडिकलला अडकलं. मग करोनात भरती बंद पडली. ती उघडली तोवर वय निघून गेलेलं. पोरगं लोणंदच्या एका कंपनीत पाळ्या करू लागलं. सुभेदार त्याच्याशी बोलायचे बंद झाले नाहीत, पण बोलताना त्याच्याकडं बघायचे बंद झाले. त्या घरात भरती न झालेला तो पहिलाच पुरुष होता.

तेवढ्यात त्याला मोबाईलवर कुणी एजंट भेटला. रशियाच्या फौजेला मदतनीस हवेत, काम गोदामात नाहीतर भटारखान्यात, बंदूक हातात घ्यायची नाही. क्रांतीनं ऐकताक्षणी नाही म्हटलं. "मामा, तिथं खरी लढाई चाललीया," ती सासऱ्यांना म्हणाली. सुभेदारांनी फोन हातात घेतला आणि एजंटाला एकच प्रश्न विचारला, "वर्दी मिळंल का?"

मिळंल, असं तिकडून उत्तर आलं. विषय संपला.

आमच्या गावात पोरगं भरती झालं की त्याची मिरवणूक निघते. देवळात नारळ, पुढं हलगी, अंगावर गुलाल, डोक्याला आजोबांच्या हातचा फेटा. दुसऱ्या कुठल्या गावाला हे सुचलं नसतं. आम्ही परक्या देशाच्या भटारखान्यात निघालेल्या पोराची ती काढली. हलगी घुमली, भरती हुकल्यापासून सुभेदार पहिल्यांदाच नातवाच्या डोळ्यांत बघून हसले, आणि एस.टी. सुटेपर्यंत गाव नाचलं. मीही पेढे खाल्ले. क्रांतीनं ओवाळलं आणि ती घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार किटली घेऊन आले आणि घसा खाकरून म्हणाले, "इचार केला तर रशियाचंबी चुकत न्हाई, तात्याबा. दारात दुश्मन आल्यावर कोण गप बसंल?"

तात्याबा कोड्यात पडले. हो म्हणावं तर वाद संपतो. वाद संपला तर सकाळी करायचं काय? त्यांनी किटली मापाशी ठेवली आणि ते म्हणाले, "घुसला तो चोर, सुभेदार."

"त्ये मी म्हणालो व्हतो."

"तवा तुमचं बरूबर व्हतं."

त्या दिवसापासून सुभेदार रशियाच्या बाजूनं आणि तात्याबा युक्रेनच्या बाजूनं भांडू लागले, तेच मुद्दे, फक्त तोंडं बदललेली. मला हसू आलं होतं, ते मी नाकारत नाही. ते हसण्यासारखंच होतं.

वीरधवलचा वर्दीतला फोटो आला. सुभेदारांनी तो मोठा करून त्याच्या बापाच्या फोटोशेजारी लावला. पहिल्यांदा फोन रोज यायचे. मग आठवड्यानं यायला लागले. मग पोरगं एकदा म्हणालं की भटारखाना सुटला, आता पुढच्या बाजूला खंदक खणायला नेतायत. त्यानंतर फोन आलाच नाही.

सुभेदारांचा आवाज चढला तो तेव्हापासून. त्यांनी नकाशे पाठ केले. कुठलं बंदर कुणाचं, कुठली भाषा कुणाची, कुणी कुणाला कधी काय शब्द दिला होता. त्यांना ते युद्ध बरोबर असायलाच हवं होतं, कारण त्यात त्यांचा नातू होता. हे डेअरीतल्या सगळ्यांना कळत होतं. त्यामुळं एकेक जण गप्प होत गेला. शेवटी तात्याबांनाही राहवेना. एका सकाळी ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचंच बरूबर हाय, सुभेदार. मी हारलो."

सुभेदार झटकन पुढं झाले. त्यांनी तात्याबांचा दंड धरला. "का रं? माघार का घेतलीस? काय आयकलंस? कुणी सांगितलं तुला?"

"न्हाई वो, कायबी न्हाई आयकलं. खरंच न्हाई."

क्रांती मापाशी दूध ओतत उभी होती. तिनं किटली खाली ठेवली. "तात्या, तुमी भांडत ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमी गप बसला की मामा घरी जेवत न्हाईत."

तात्याबा लगेच भांडायला लागले. इतकं वाईट भांडण मी कधी ऐकलं नाही. दोघांच्याही शब्दांत जीव नव्हता. तरी ते पावती निघेपर्यंत नेटानं चालू राहिलं.

मग दिल्लीतून बोलणी झाली आणि तिकडं अडकलेली काही पोरं परत येऊ लागली. त्यांत वीरधवल होता. डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं खाल्ली होती, बाकी पोरगं शाबूत. गावानं पुन्हा हलगी काढली. सुभेदारांनी स्वतः फेटा बांधला. पोरगं मिरवणुकीत लंगडत चाललं होतं, कुणाकडंच बघत नव्हतं. लोक म्हणाले, दमलंय.

दुसऱ्या सकाळी आईऐवजी किटली घेऊन तोच डेअरीत आला. मागोमाग सुभेदार. कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ होती. सगळे भोवती जमले.

"सांग ह्यांला," सुभेदार म्हणाले. "तू डोळ्यांनी बघून आलायस. तिथली मानसं काय म्हणत व्हती? तुमची फौज आली म्हणून बरं वाटत व्हतं का न्हाई त्यांला?"

वीरधवल कॅनमध्ये पडणाऱ्या दुधाकडं बघत राहिला.

"भाषा कुठं कळत व्हती, आबा," तो म्हणाला. "एका गावात ऱ्हायलो आमी. घरं मोकळी पडल्याली. आमी ज्या घरात व्हतो तिथं गोठ्यात गाय व्हती. मला धार काढाय येतीया बघून साहेबानं त्येच काम दिलं. मला बरं वाटलं. घरच्यागत."

"मग?"

"दुसऱ्या दिशी एक म्हातारी आली. हातात भांडं घिऊन. दारातच हुबी ऱ्हायली. कायबी बोलंना. मला वाटलं, भिकारीण हाय. मग तिला बघून गाय हंबरली. दावं तोडाय लागली. तवा कळलं, गाय तिची हाय. घरबी तिचंच."

मी फॅटचं मशीन बंद केलं.

"म्हंजी आपल्याच गाईचं दूध मागाय आलती ती," तात्याबा हळूच म्हणाले.

सुभेदारांनी विचारलं, "दिलंस का तिला?"

"न्हाई."

"का रं?"

"बाहेरच्या कुणाला कायबी द्यायचं न्हाई, आसा हुकूम व्हता." वीरधवलनं पहिल्यांदा आजोबांकडं बघितलं. "मी वर्दीत व्हतो, आबा."

सुभेदार बाकावर बसले. बसताना त्यांचा हात बाकाची कड शोधत होता, मी बघितलं. तात्याबांना ते बघवेना. ते धावून आले, आणि कसे आले तर पुन्हा बाजू बदलून. "आवं सुभेदार, लढाईत आसं चालायचंच. त्या रशियाचंबी काय कारण आसंल की. दारात दुश्मन आल्यावर..."

"गप, तात्याबा," सुभेदार म्हणाले. "घुसला तो चोर."

वीरधवलनं मान खाली घातली. मी पावती पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. रिकामी किटली उचलून तो दाराकडं वळला.

"थांब," सुभेदार म्हणाले. "वर बघ. तुला न्हाई म्हणालो मी." ते उठून त्याच्यापाशी आले. "तू कुठं घुसलायस लेका? तुला तर मी हलगी लावून घुसवला."