माझे शून्य वर होते

जन्मलो तेव्हा माझ्या अंगावर छत्तीस ठिपके होते. दर महिन्याचा एक, अशी तीन वर्षे. त्यांना जोडणारी एक निळी रेघ होती, दोन अक्ष होते, डाव्या अक्षावर शून्यापासून तेरापर्यंत चौदा आकडे होते आणि खाली वर्षे लिहिलेली होती. याखेरीज काही नव्हते. सावली नव्हती, झगमगीत पार्श्वभूमी नव्हती, हात जोडून उभ्या असलेल्या कोणाचा फोटो नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना आलेख आहे. विहिरीच्या पाण्याचा आलेख. आत्मवृत्त सांगताना आवाज हळवा ठेवावा अशी पद्धत आहे, पण मला राग आला आहे आणि तो गिळून मी ही हकिकत सांगणार नाही.

माझे गाव नाचणगावहून मोटरसायकलने अर्ध्या तासावर आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसे अजून एकमेकांशी बोलतात आणि ते तसेच राहावे. गावाला पिण्याचे पाणी एकाच विहिरीतून येते. तिला गावविहीर म्हणतात. तिच्या भोवताली शेतकऱ्यांच्या सात विहिरी आहेत. खडकाच्या पोटात या आठही विहिरींचे पाणी एकच, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणून तिथे एक रीत होती. होळीची राख थंड झाली की त्या सात विहिरींवरच्या मोटारी पिकासाठी चालवायच्या नाहीत. गुरांपुरते पाणी काढायचे, बाकी गावविहिरीसाठी सोडायचे. पाऊस पडेपर्यंत.

त्या सातांपैकी एक विहीर डोमाजींची. त्यांची मुलगी आकांक्षा वर्ध्याला विज्ञान शिकते आणि बोरगाव मेघेत खोली घेऊन राहते. महिना संपला की ती गावी येऊन गावविहीर मोजायची. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, तो विहिरीत सोडायचा, नट पाण्याला टेकला की कठड्यापाशी टेपवर आकडा वाचायचा. कठड्यापासून पाणी किती खाली आहे, तो हा आकडा. आकडा मोठा झाला की पाणी खोल गेले. एवढे लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातली सगळी भानगड याच एका गोष्टीत आहे.

छत्तीस महिने झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. आलेख काढण्यासाठी एक लायब्ररी असते, म्हणजे आयत्या आज्ञांचा संच. तिने आकडे दिले आणि मी पडद्यावर उमटलो, पण उलटा. लायब्ररीला विहीर माहीत नाही. ती शून्य तळाशी ठेवते आणि मोठे आकडे वर चढवते. त्यामुळे मे महिन्यात माझी रेघ आकाशाला भिडली होती आणि भर पावसाळ्यात जमिनीवर लोळत होती. आकांक्षा आधी हसली, मग तिने एक ओळ लिहिली. डावा अक्ष उलटा कर. बस. माझे शून्य वर गेले, म्हणजे विहिरीचा कठडा जिथे असतो तिथे गेले. ठिपके त्याखाली पाण्यासारखे लटकले. आता मी खरा होतो.

नावाने मात्र घोटाळा केला. तिने मराठीत शीर्षक लिहिले तर लायब्ररीने नुसते रिकामे चौकोन दाखवले. तिने अक्षरांचा साचा बदलला, तेव्हा अक्षरे आली पण ‘विहीर’ शब्दातली पहिली वेलांटी ‘व’ सोडून पुढे जाऊन बसली. पूर्ण संध्याकाळ ती झगडली. शेवटी कंटाळून तिने मला कागदावर छापले आणि शीर्षक पेनाने लिहिले. डाव्या अक्षापाशीही पेनानेच लिहिले, ‘कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली, मीटर’. कागदावर ते शब्द होते. संगणकातल्या फायलीत नव्हते.

मला शाळेच्या ओसरीत लावले, मुलांचे दुपारचे जेवण रांधणाऱ्या जयवंताबाईंच्या खिचडीच्या खोलीशेजारी. जयवंताबाई टेकडीवरच्या वस्तीत राहतात. पाणी कमी झाले की आधी त्यांचा नळ आटतो आणि मग बाकीच्यांचे. मुले माझ्या रेघेवरून बोट फिरवायची. दोन मे महिन्यांमध्ये किती फरक पडला, ते पट्टीने मोजायची. पहिल्या मेमध्ये ९.२ मीटर, दुसऱ्यात १०.१, तिसऱ्यात ११. डोमाजी आणि आणखी चौघे माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे की यंदाही होळी झाली की मोटारींचे फ्यूज काढून घरी न्यायचे. तुमच्यापैकी कोणाला वाटेल, कागदाच्या तुकड्याला एवढा मान कशाला? मला तो आवडायचा. मी कामाचा होतो.

मग प्रजासत्ताक दिन आला आणि सरपंच महादेवरावांना फ्लेक्स हवा झाला. त्यांनी आकांक्षाकडे फाइल मागितली. तिची परीक्षा जवळ होती. तिने मोबाइलवरून आकडे आणि आज्ञा पाठवून दिल्या आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. ती फाइल पुलगावच्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेली. तिथे रजत नावाचा मुलगा संगणक चालवतो. कॉलेजात शिकतो, हुशार आहे. माझा सगळ्यात जास्त राग त्याच्या हुशारीवर आहे.

त्याने आज्ञा वाचल्या, अक्ष उलटा करणारी ओळ पाहिली आणि ठरवले की ही चूक आहे. कोणाला विचारले नाही. ती ओळ पुसली. छत्तीस ठिपक्यांची गर्दी होते म्हणून तेहेतीस उडवले आणि फक्त तीन मे महिने ठेवले. रेघ काढून टाकली आणि तिच्या जागी तीन खांब उभे केले. खांबांना गडद-फिकट निळा रंग, माथ्यावर लाटा, मागे सावली. डावीकडे महादेवरावांचा फोटो बसत नव्हता, तर डाव्या अक्षावरचे आकडेच खोडले. वर सोनेरी अक्षरांत लिहिले, ‘वाढती पाणीपातळी, आमच्या गावाची ओळख’. अक्षरे मात्र सुरेख आली. वेलांटी जागच्या जागी होती.

रंग बदलला याचे मला काही वाटत नाही. रंग हा कपडा आहे. वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून मला लाल करा, जांभळा करा, माझी रेघ जाड करा. पण अक्ष हे माझे हाड आहे. त्याने कपडे चढवताना हाड मोडले आणि वरून पावडर लावली. पाणी दर उन्हाळ्यात खोल जात होते, म्हणून खांब दर उन्हाळ्यात उंच होत होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसले? तीन निळे ग्लास, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त भरलेला.

झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. फ्लेक्स मागे टांगलेला होता. कोणीतरी म्हणाले की पाणी एवढे वाढले आहे तर होळीची बंदी कशाला. हात वर झाले. जयवंताबाईंचाही झाला. शाळेच्या ओसरीतला माझा कागद पन्नास पावलांवर होता, पण त्या दिवशी तिकडे कोणी गेले नाही. शाळेतला कागद साधा होता आणि फ्लेक्स बारा फुटी होता. डोमाजींनी दोन एकरांत उन्हाळी भुईमूग पेरला. बाकी सहा जणांनीही पेरला.

परीक्षेच्या दिवसांत विहीर डोमाजी मोजायचे आणि फोनवर आकडा सांगायचे. फेब्रुवारीअखेर त्यांनी ८.३ सांगितला. नेहमी साडेसहाच्या आसपास असतो. आकांक्षाने बापाला टेप नीट धरायला सांगितले आणि फोन ठेवला. मित्रांनो, तिच्यावरही माझा राग आहे. आकडा विचित्र आला की आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा, ही शिकलेल्यांची सवय फार वाईट. डोमाजींनी टेप नीटच धरला होता.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती गावी आली. मोटारी चालू असल्याचे तिने वेशीवरच ऐकले. चौकात फ्लेक्स पाहिला आणि ती जिथे होती तिथेच उभी राहिली. मग विहिरीवर जाऊन तिने स्वतः टेप सोडला. ८.९ मीटर. घरी आली तेव्हा डोमाजी जेवायला बसत होते.

“बाबा, मोटार काऊन चालू आहे?”

“बंदी उठली ना,” डोमाजी म्हणाले. “तुह्याच आलेखात तं पाणी वाढून राह्यलं. साऱ्या गावानं पाह्यलं.”

तिने समजावून सांगितले तेव्हा त्यांचा हात ताटात थांबला. त्यांनी ताट बाजूला सारले. मग एवढेच म्हणाले, “माहा भुईमूग फुलावर आहे, माय.”

तिने रजतला फोन लावला. तो घाबरला नाही, उलट त्याला नवल वाटले.

“ताई, शून्य वर असते का कुठं? मले वाटलं तुमचं चुकलं, मी सुधारून देल्लं.”

“चुकलं वाटलं तं एक फोन करता आला नाई?”

“अक्षापाशी काही लिवलंच नव्हतं, ताई. मी तरी काय समजू?”

तिला ओसरीतला कागद आठवला. लिहिले होते, पण पेनाने.

त्या दुपारी तिने मला पुन्हा काढले. या वेळी घाई केली नाही. शून्य वर नेले आणि तिथे मातीच्या रंगाची आडवी रेघ मारली, म्हणजे जमीन कुठे आहे ते कोणालाही कळावे. गावाचे पाणी सोडणाऱ्या कैलासला तिने विचारून घेतले की पंपाच्या पाइपाचे खालचे टोक किती खोल आहे. बारा मीटर. पाणी त्याच्या खाली गेले की पंप हवा ओढतो आणि नळ बंद. बारावर तिने लाल रेघ मारली. या वर्षीचे ठिपके काळे केले आणि पाणी याच वेगाने उतरत गेले तर कुठे जाईल, ती वाट तुटक रेघेने दाखवली. तुटक रेघ एप्रिल संपायच्या आत लाल रेघेला भेटत होती. रजतकडून अक्षरांची युक्ती विचारून घेतली आणि अक्षाचे नाव फायलीतच लिहिले. पाऊस त्या दोन रेघांच्या भेटीपासून दीड महिना दूर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणात सभा बसली. महादेवराव म्हणाले की कागदांचे काय, एक असे सांगतो, दुसरा तसे, फ्लेक्सही हिच्याच आकड्यांचा आहे. लोक कुजबुजले. कोणाला भुईमूग दिसत होता, कोणाला नळ, आणि मी एवढासा कागद मागच्या रांगेपर्यंत दिसतही नव्हतो.

जयवंताबाई खिचडीच्या खोलीतून बाहेर आल्या. काखेत पाणी भरायचा रिकामा गुंड होता.

“महादेवभाऊ, माहा नळ चार दिसांपासून करंगळीएवढा येऊन राह्यला. तुमच्या बोर्डावर तं लय पाणी आहे. त्याच्यातून एक गुंड भरून द्या न.”

लोक हसले. महादेवराव हसले नाहीत. आकांक्षाने ते हसू विरू दिले, मग ती म्हणाली, “फ्लेक्स खरा आहे. फक्त उलटा टांगा.”

“उलटा?” महादेवराव म्हणाले. “अन् माहा फोटो?”

कैलासने उत्तराची वाट पाहिली नाही. तो चौकाकडे निघाला आणि सगळे त्याच्या मागोमाग गेले. शिडी लावून त्याने दोऱ्या सोडल्या, दोघांनी फ्लेक्स फिरवला आणि पुन्हा बांधला. सरपंच डोक्यावर उभे राहिले. सोनेरी अक्षरे पालथी झाली. तिन्ही खांब वरून खाली लटकू लागले. आकांक्षाने शिडीवर चढून वरच्या कडेवर हात ठेवला आणि सांगितले की हा गावविहिरीचा कठडा. हे निळे दिसते ते पाणी नाही. ही कठड्यापासून खालची रिकामी विहीर. पाणी याच्या खाली सुरू होते. पहिल्या वर्षी इथून, मग इथून, मग इथून.

आता कोणी हसले नाही.

पहिले डोमाजी पुढे आले. त्यांनी मुलीकडे पाहिले नाही. “मी आठ दिसाले एकच पाणी देईन,” ते म्हणाले. “एप्रिलपासून तेबी नाई. जे वाचंल ते वाचंल.” बाकीच्या सहांना बोलायला वेळ लागला. दोघे तावातावाने निघून गेले आणि संध्याकाळी फ्यूज घेऊन परत आले. महादेवरावांनी फ्लेक्स काढायला लावला नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगतो. चौकातून जाताना ते मान वाकडी करून स्वतःकडे पाहत.

मी मात्र शांत झालेलो नाही. मला कोणी जाळले नाही, फाडले नाही, अडगळीत टाकले नाही. मला सजवले. फाटका आलेख कोणाला फसवत नाही, मित्रांनो. सजवलेला फसवतो, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवतात. दोन एकरांतली फुले त्या टाळ्यांत गेली.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही हाती माझ्यासारखे आलेख येतील आणि ते देखणे करायच्या शंभर आज्ञा येतील. त्या जरूर वापरा. पण आधी डावीकडे पाहा. शून्य कुठे आहे? आकडे आहेत की कोणी पुसले? काय मोजले आहे, कुठून मोजले आहे, ते लिहिले आहे का? एखादी ओळ चूक वाटली तर पुसण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. आणि दुसऱ्याच्या हाती आलेख देताना त्याचे नाव त्याच्या अंगावरच लिहा, म्हणजे तो जिथे जाईल तिथे ते त्याच्यासोबत जाईल.

मे महिन्याच्या शेवटच्या सकाळी आकांक्षाने गावविहिरीत टेप सोडला. कठड्यापाशी टेपवर एक बोट तिचे होते, दुसरे डोमाजींचे. दोघांनी आकडा आपापला मनात वाचला आणि मग एकमेकांना सांगितला.

११ मीटर ८६ सेंटिमीटर. लाल रेघ अजून चौदा सेंटिमीटर खाली होती.