सांतो दोमिंगोची नारळवडी

शहराचं नाव बदललं त्या महिन्यापासून एर्सिलियाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. निम्मा दोष तिच्या तान्ह्या बाळाचा होता. उरलेला तिच्या आईचा.

आई, म्हणजे लिब्रादाबाई, गल्लीची दोन्या लिब्रादा, डोक्यावर परात घेऊन सान कार्लोस वस्तीच्या गल्ल्यांतून नारळवडी विकायची. "आली हो, सांतो दोमिंगोची नारळवडी" ही तिची आरोळी एर्सिलियाच्या जन्माआधीपासूनची. आता संसदेतल्या मंडळींनी हात वर केले आणि चारशे वर्षांचं सांतो दोमिंगो एका दिवसात सिउदाद त्रुहियो झालं, म्हणजे देश मुठीत ठेवणाऱ्या जनरल त्रुहियोसाहेबांचं शहर. पाट्या बदलल्या, टपालाचे शिक्के बदलले. लिब्रादा बदलली नाही.

"मागे ते मोठं वादळ आलं," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माझं छप्पर घेऊन गेलं. पण निदान जाताना नव्या छपरावर आपलं नाव लिहून गेलं नाही."

गिऱ्हाइकं हसायची, मग मागे वळून बघायची, आणि वडी तोंडात कोंबून चालू लागायची. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं डोमिनो खेळता खेळता जुनं नाव घेतलं होतं. त्याला चौकशीला म्हणून नेलं ते नेलंच. त्याच्या दुकानात एका बाहीचा कोट अजून लटकत होता.

"आई, नुसतं नारळवडी म्हण ना."

"नुसती नारळवडी कुणीही करतं. मी सांतो दोमिंगोची करते."

"तुला उचलून नेलं तर?"

"न्यायला चौघं लागतील. माझं वजन बघ."

एर्सिलियाला हसू यायचं आणि हसता हसता ती खिडकी लावून घ्यायची. नवरा दिवसभर गोदीत, बाळ छातीशी, आणि लांबून आईची आरोळी ऐकू आली की ती मनात म्हणायची, अजून आहे.

एका दुपारी ती बाळाला टबात आंघोळ घालत होती आणि आई रिकामी परात घेऊन नुकतीच घरी आली होती. बाळाला पाणी मान्य नव्हतं. ते रडून रडून वांग्यासारखं जांभळं झालं होतं. तेवढ्यात दारात शेजारचा तेओफिलो उभा राहिला. कामधंदा काही नाही, पण सूट रोज पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. तेव्हा हा खबऱ्या आहे हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"दोन्या लिब्रादा, उद्या मला किल्ल्यावर, पोलिसांकडे बोलावलंय. जुनं नाव कोण घेतं ते विचारणार आहेत."

"मग सांग की."

"सांगावंच लागेल. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं. शेवटी आपण शेजारी."

"फारच संस्कारी झालास रे. लहानपणी माझ्या परातीतल्या वड्या उचलायचास, तेव्हा नाही कधी आधी कानावर घातलंस."

तेओफिलोचे कान लाल झाले. पण तो हलला नाही. एर्सिलियाला कळलं की तो खरंच सांगणार आहे. त्याच्यात दुष्टपणा होता असं नाही. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस ठरलेल्या वेळेला पोचतो. किल्ल्याच्या कोठडीत आईच्या गुडघ्यांना तेल कोण लावणार?

तिनं टबाकडे पाहिलं. जांभळ्या बाळाकडे पाहिलं.

"तेओफिलो," ती म्हणाली, "बाळावर अजून बाप्तिस्म्याचं पाणी पडलेलं नाही. बघा ना, कसं निळं पडलंय. पाद्री येईपर्यंत काही झालं तर? मेणबत्ती धरता?"

तेओफिलोनं दाराकडे पाहिलं. पण बाप्तिस्म्याविना अडलेल्या मुलासाठी मेणबत्ती धरायला कुणी नाही म्हणत नसे. म्हणणाऱ्याचा हात वाळतो, असं त्याच्याही आईनं त्याला सांगितलं असणार.

"निळं कुठंय," तो पुटपुटला. "रडतंय नुसतं."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही म्हणता येईना. लिब्रादानं लेकीकडे एकदा नजर टाकली आणि अख्खा डाव ओळखला. आयुष्यात पहिल्यांदाच ती लेकीशी वाद न घालता उठली, मेणबत्ती पेटवून तिनं तेओफिलोच्या हातात कोंबली, दुसऱ्या हातात ओलं बाळ दिलं, आणि बाळाच्या जिभेवर ठेवायला चिमूटभर मीठ शोधलं.

"नाव मेणबत्ती धरणाऱ्यानं, म्हणजे धर्मपित्यानं घ्यायचं," ती म्हणाली.

"काय नाव?"

"ह्याच्या आजोबांचं. दोमिंगो."

तेओफिलोनं नाव ओठांतल्या ओठांत म्हटलं. मेणबत्तीचं मेण त्याच्या बाहीवर ठिबकलं.

"जरा मोठ्यानं," लिब्रादा म्हणाली. "देवाला चुगल्या ऐकायची सवय नाही."

"दोमिंगो," तेओफिलो म्हणाला, शेजारपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. लिब्रादानं बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. बाळानं लगेच धर्मपित्याच्या सुटावर आपलंही थोडं पाणी सोडलं.

मग तेओफिलोच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मेणबत्ती धरणारा, मुलाचे आईबाप आणि पाणी घालणारी, ही सगळी आता एकमेकांची कोंपाद्रे आणि कोमाद्रे, म्हणजे देवासमोर जोडलेले सोयरे. सख्ख्या भावाशी भांडण चालतं, भावजयीशी कोर्टकचेरी चालते. कोमाद्रेचं नाव शिपायाला सांगणाऱ्याला मात्र कुणी चुलीजवळ बसू देत नाही. त्याची स्वतःची आईसुद्धा नाही.

"तुम्ही मला फसवलंत," तो म्हणाला.

"बसा, कोंपाद्रे," एर्सिलिया म्हणाली. "कॉफी ठेवते."

"उद्या मी तिकडे काय सांगू?"

"शिंप्याला कधी सोडणार ते विचार," लिब्रादा म्हणाली. "सारखं सांगतच काय बसायचं?"

"कोमाद्रे, निदान माझ्या कोपऱ्यावर तरी ते नाव घेऊ नका. पाया पडतो."

लिब्रादानं विचार केला. आयुष्यभर तिनं परातीतल्या एका वडीचाही भाव कमी केला नव्हता. तिनं लेकीच्या हातांकडे पाहिलं. कपबशी वाजत होती.

"तुझ्या कोपऱ्यावर गप्प जाईन," ती शेवटी म्हणाली. "पोरीसाठी. तुझ्यासाठी नाही."

तेओफिलोनं मेणबत्ती विझवून बाळ परत द्यायला हात पुढे केला. पण बाळानं त्याचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं आणि तसंच ते झोपी गेलं होतं.

"ह्याची मूठ सोडवता का?" तो हळूच म्हणाला.

"राहू द्या," एर्सिलिया म्हणाली. "जागा होईल."

तो अवघडून खुर्चीत बसला, ओल्या सुटासकट, आणि कॉफी डाव्या हातानं प्यायला.