त्याच बाटलीतलं

दर्शनाने पुढच्या चाकाचा टायर लिव्हरने उचकटला आणि आतून वाळलेल्या सायीसारखे पापुद्रे फरशीवर पडले. समोर स्टुलावर बसलेले गुणाजी वाकले. एक पापुद्रा त्यांनी चिमटीत धरला.

"हेच का ते सीलंट?"

"हो, काका. भरताना दुधासारखं असतं. ट्यूब नसते ना ह्यात. टायरला भोक पडलं की हे तिथं जाऊन घट्ट होतं, हवा जात नाही."

"आणि सुकलं तर?"

"मग काही उपयोग नाही."

गुणाजींचा एकुलता एक मुलगा विनीत दोन महिन्यांपूर्वी, रविवारी सकाळी, ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरउतारावर सायकलच्या अपघातात गेला. वळणावर पुढच्या टायरमध्ये टोकदार खडी घुसली, हवा गेली आणि तो कठड्यावर आदळला. सायकल कालच पोलिसांकडून सुटली. ती टेम्पोत घालून गुणाजी डोंबिवलीच्या ह्या दुकानात आले होते.

"आदल्या दिवशी तो मला म्हणालेला," ते पापुद्रा चुरत म्हणाले, "बाबा, मी कामावर चाललोय, सायकल दर्शनाताईकडे नेऊन ठेवा, सीलंट भरायचंय. मी रिटायर माणूस. जेवलो आणि आडवा झालो. संध्याकाळी म्हटलं, सोमवारी नेऊ. शालूला, त्याच्या आईला, माहितीय ते. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते."

दर्शनाने हात फडक्याला पुसले. मग पुन्हा पुसले.

अपघाताआधी, ऑगस्टमध्ये, ते सीलंट तिनेच भरलं होतं. बाटलीवरची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. तळाशी गोळे धरले होते. तिने बाटली खसाखसा हलवली आणि वरचं पातळ तेवढं ओतलं. विनीतची बातमी आली त्या दिवशी ती बाटली तिने कचऱ्याच्या गाडीत टाकली. कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, शनिवारी आणली असती ना, तरी मी त्याच बाटलीतलं भरलं असतं."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. तारीख, गोळे, काही हातचं राखलं नाही. सांगताना ती त्यांच्या चपलांकडे बघत होती. बोलून झाल्यावर तशीच उभी राहिली. ते ओरडतील, हात उगारतील, असं तिला वाटलं.

"बाटली कुठाय ती?" गुणाजींनी विचारलं.

"टाकली."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग उठले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"विनीत म्हणायचा, ताई जीव लावते म्हणून. पण पोरी, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून असलं काही स्वतःवर घेऊ नये."

"खरं सांगतेय, काका. आईशप्पथ. मी घरी येऊन काकूंना सांगते."

"नको, नको." ते घाईने म्हणाले. "तिला वाटेल, मीच तुला पढवून पाठवलं."

पायरी उतरून ते क्षणभर थांबले.

"सायकल राहू दे इथंच. कुणाला देशील त्याला एवढं सांग. दुकानात न्यायची तर त्याच दिवशी न्यावी, उद्यावर टाकू नये."

दर्शनाने फरशीवरचे पापुद्रे फडक्यात गोळा केले.

"हो," ती म्हणाली. "सांगेन."