सहावी ब

“अजून एकदा, भोंगाबाई! आत ऐकू गेलं पाहिजे!” मागून कोणीतरी ओरडलं, तशा भोंगाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. माइक होता, पण त्यांना तो लागत नसे.

“कायम असो वा कंत्राटी!”

“सगळ्यांची एकच पाटी!” फाटकाबाहेर उन्हात बसलेल्या शिक्षकांनी उत्तर दिलं. शिक्षण कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद झाली. म्हणजे आत ऐकू गेलं होतं.

घोषणा बाईंचीच होती. सहावी ब ला भाषा शिकवणाऱ्या माणसाला यमक जुळवायला कितीसा वेळ लागतो! संघटनेच्या अध्यक्षांनी आणलेल्या घोषणा एवढ्या लांबलचक होत्या की त्या संपेपर्यंत लोकांच्या वर गेलेल्या मुठी खाली यायच्या. बाईंनी चहाचा कप संपायच्या आत या दोन ओळी रचल्या आणि संपाला तोंड फुटलं. मुलांनी पाठीमागे ठेवलेलं नाव मग शिक्षकही तोंडावर वापरायला लागले. बाईंना आधी राग आला, नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे थोडा अभिमानच वाटायला लागला.

मागण्या दोनच होत्या. कायम शिक्षकांचा पगार वाढवा आणि कंत्राटी शिक्षकांना कायम करा. भोंगाबाई अकरा वर्षं कंत्राटी होत्या. मोठी सुट्टी लागली की काढायचं, शाळा उघडली की परत घ्यायचं. “दरवर्षी काडीमोड आणि दरवर्षी लग्न,” त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, “तेही त्याच मेल्या नवऱ्याशी!” घरात हसू व्हायचं, पण बाईंच्या यजमानांची नोकरी कधी असे, कधी नसे. त्यामुळे बाईंची ही दरवर्षीची सोयरीकच घर सावरून होती.

अशा माणसाने संपावर बसणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. कायम शिक्षकांचा फार तर पगार कापला गेला असता, कंत्राटींना घालवायला साधं कारणसुद्धा लागत नव्हतं. बाई आधी कचरल्याच होत्या. त्यांना हाताला धरून संपात आणलं ते गणिताच्या बाईंनी. सहावी अ त्यांची, सहावी ब भोंगाबाईंची, मध्ये एकच भिंत. दोघींचा डबा एकत्र, एकीच्या बाळंतपणात दुसरीने दोन्ही वर्ग सांभाळलेले. आता गणिताच्या बाई वाटाघाटीच्या समितीत होत्या आणि सकाळी आत जाण्याआधी त्यांनी भोंगाबाईंच्या हातात कोमट पाण्याची बाटली दिली होती.

“घसा जप. अजून लागणारेय आपल्याला.”

“दोन्ही मागण्या एकत्रच ना गं?”

“किती वेळा विचारशील? एक देतो, एक नाही म्हणाले तर आपण उठून बाहेर येणार. शब्द देते तुला.”

उन्हं कलली तेव्हा समिती बाहेर आली. अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले होते. “जिंकलो! पगारवाढ जशीच्या तशी मान्य!” एकच गलका झाला. लोक उठले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. कोणीतरी भोंगाबाईंना पुढे ढकललं, “द्या की आता दणकून!” आणि बाईंनी दिली. घसा बसला होता तरी दिली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कायम असो वा कंत्राटी. सगळ्यांची एकच पाटी.

मग त्या गर्दीतून वाट काढत गणिताच्या बाईंना शोधायला निघाल्या. त्या आपल्या स्कूटरपाशी हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. पट्टा काही लागत नव्हता.

“अगं, इकडे काय करतेस? दुसऱ्या मागणीचं सांग ना. तारीख कुठली दिलीय?”

गणिताच्या बाई पट्ट्याकडेच बघत म्हणाल्या, “आम्ही खूप भांडलो गं तुमच्यासाठी.”

भोंगाबाई जागच्या जागी थबकल्या. समोरच्याला धरून बोलायचं तेव्हा ‘आपण’, त्याला वगळून बोलायचं तेव्हा ‘आम्ही’. हे त्या दरवर्षी सहावीला शिकवायच्या. परीक्षेत दोन गुणांना हमखास येणारा प्रश्न. पुढचं काही ऐकायची गरज नव्हती, तरी त्यांनी ऐकलं.

“ते म्हणाले, वाढ देतो, पण पैसा आणायचा कुठून? शाळांना द्यायलाच काही नाही म्हणे. मग तुकड्या कमी करू म्हणाले. अ आणि ब एकत्र.”

“म्हणजे ऐंशी मुलं? एका खोलीत?”

“हो.”

“आणि मी?”

गणिताच्या बाईंनी पट्टा पुन्हा ओढून पाहिला.

“तू सही केलीस?”

“सगळ्यांनी केली.”

“मी तुझं विचारतेय.”

“काय करू मग? घराचे हप्ते थकलेत, धाकटीचं कॉलेज... तू माझ्या जागी असतीस तर?”

“मला निदान सांगितलं असतंस,” भोंगाबाई म्हणाल्या. “मी तिथे बोंबलत होते. तू बघत होतीस माझ्याकडे. घोषणा द्यायच्या आधी सांगितलं असतंस.”

त्यांचा आवाज चिरकला. गणिताच्या बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली. मागे अजून कोणीतरी घोषणा देत होतं. यमक तेवढं नीट पकडलं होतं.

घरी सासूबाईंनी दारातच गाठलं. “जिंकलात म्हणे! टीव्हीवर दाखवलं. तू पण दिसलीस, तोंड हे एवढं उघडून!”

“ते जिंकले, आई.”

सासूबाईंना उलगडायला वेळ लागला नाही. “गरज सरो...” म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. ज्या बाईने अकरा वर्षं मुलांना म्हणी शिकवल्या तिला काय सांगायचं! त्यांनी नुसतं पाणी आणून दिलं. बाईंना त्या संध्याकाळी सरकारचा राग आला नाही. सरकार काय, ते कधी आपलं नव्हतंच. जिच्या डब्यातलं खाल्लं तिचा राग आला, इतका की थापता थापता भाकरी फाटली.

संप मिटून शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांचा निरोप आला, वर्ग सोपवायला या. बाई गेल्या. शिपाईमामा आणि मुलं सहावी ब ची बाकं शेजारच्या वर्गात नेत होती. मुलांना मजाच वाटत होती. बाईंनी एका बाकाची एक बाजू धरली. गणिताच्या बाई दारात उभ्या राहून, “इकडे घ्या, अजून आत सरकवा,” सांगत होत्या. त्या फक्त बाकांशी बोलल्यासारख्या बोलत होत्या.

शेवटचं बाक काही मावेना. शिपाईमामांनी आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं.

“व्हरांड्यात ठेवा,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “दोघीजणी दारातून बघतील.” आणि त्या पाठ फिरवून फळ्यावर अपूर्णांकांची गणितं लिहायला लागल्या.

भोंगाबाईंनी रिकामा वर्ग झाडून घेतला, खडूंचा डबा आणि किल्ली शिपाईमामांना दिली आणि पर्स खांद्याला लावून निघाल्या. व्हरांड्यातल्या बाकावर दोन मुली माना वाकड्या करून बसल्या होत्या.

“दिसतंय का गं?”

“अर्धं दिसतंय, बाई.”

“सरका पाहू.” बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. गुडघे बाकात मावत नव्हते. तिथून खरंच फळ्याची एक बाजूच दिसत होती, आणि लिहिणारा हात. हात क्षणभर थांबला. मग पुन्हा लिहायला लागला.

बाई उठल्या. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते फरशीवरून करकरत ओढलं, थोडं अलीकडे, मग जरासं तिरकं.

“आता?”

“आता सगळं दिसतंय!”

“मग लिहून घ्या. अक्षर नीट काढा,” बाई म्हणाल्या, आणि मुलींच्या आड येऊ नये म्हणून व्हरांड्याच्या कडेकडेने बाहेर पडल्या.