अकरा टाचण्या

स्टोअरकीपरनं बायकोची उशी आवरली ती सोमवारी संध्याकाळी, आणि अगदी चांगल्या हेतूनं आवरली. जगातली बरीचशी नासधूस याच हेतूनं होत असल्यामुळे त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

उशी म्हणजे डोक्याखालची नव्हे. ही परातीएवढी गोल, भुसा ठासून भरलेली, दगडासारखी टणक. तिच्यावर नमुन्याचा कागद, कागदाला शेकडो भोकं, भोकांत टाचण्या आणि टाचण्यांच्या आधारानं बसलेली लेस. लेसच्या खालच्या कडेतून चौऱ्याऐंशी दोरे निघालेले. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी लाकडी दांडी, दांडीच्या बुडाला वजनासाठी रंगीत मणी. दोन जोड्या उचलायच्या, एकमेकींवरून ओलांडायच्या, पीळ द्यायचा, टाचणी मारायची. मग शेजारच्या दोन जोड्या. बायको हे एकवीस वर्षं करत होती आणि स्टोअरकीपर एकवीस वर्षं तिला विचारत होता, "दुकानात मीटरवर मिळते ना गं ही?"

सात आठवड्यांपूर्वी तिच्या मेंदूत गुठळी अडकली. जीव वाचला, हातपाय वाचले, बोलणं मात्र गेलं. समोरचा माणूस कोण आणि हातातली वस्तू कशासाठी, हेही गेलं. चमचा दिला की ती त्याच्याकडे, चुकून आपल्या पेटीत पडलेल्या दुसऱ्याच्या पत्राकडे बघावं तशी बघायची. नवऱ्याकडेही साधारण तसंच.

सोमवारी दुपारी थेरपीवाल्या बाईंनी त्याला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. पोरसवदा बाई होती, पण डोळ्यांखाली चाळिशीची वर्तुळं.

"काका, गुरुवारी चार वाजता शेवटची तपासणी आहे. काकूंच्या हातांनी स्वतःहून काहीतरी केलं, तर खाट इथंच राहील, शिकवणं चालू राहील. नाहीतर मागच्या इमारतीत."

मागची इमारत त्यानं पाहिली होती. तिथं माणसांना वेळेवर कुशीवर वळवत, वेळेवर भरवत. सगळं अतिशय स्वच्छ होतं. भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. शिकवायला तिथं कुणी जात नसे.

"हातांना वर्षानुवर्षं ठाऊक असलेलं काही आहे का घरात?" बाईंनी विचारलं.

घरी येऊन त्यानं खिडकीपाशी ठेवलेली उशी उचलली. उशी हलवण्याआधी दांड्या फडक्यात घट्ट बांधायच्या असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोनं सांगितलं असणार, त्यानं ऐकलं नव्हतं. चौऱ्याऐंशी दांड्या एकदम एका अंगाला घसरल्या आणि त्यांचा गुंता झाला.

स्टोअरकीपर घाबरला नाही. त्याची उभी हयात सुट्या भागांच्या भांडारात गेली होती. त्यानं बाह्या सावरल्या आणि दांड्या मण्यांच्या रंगांप्रमाणे लावल्या. लाल लालांत, निळ्या निळ्यांत, दर बारांना एक रबरबँड. लेसच्या खालच्या कडेला, काम थांबलं होतं तिथं, काही टाचण्या वाकड्या उभ्या होत्या, त्या अकराच्या अकरा उपटून डबीत टाकल्या आणि डबीवर चिठ्ठी चिकटवली : 'जादा'. मग फोटो काढला आणि बायकोच्या फोनवरून तिच्या लेस विणणाऱ्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सर्व व्यवस्थित लावले आहे.'

ज्या ग्रुपवर एका टाक्यावरून दिवसभर चाळीस-चाळीस निरोप पडत, तिथं सहा मिनिटं सामसूम होती. मग मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, यांचा निरोप आला : 'भाऊजी, आता कशालाही हात लावू नका. बसून घ्या.'

हे मंडळ दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरत असे. स्टोअरकीपर त्याला टाचणी मंडळ म्हणायचा आणि तिथं पाऊल टाकायची वेळ येऊ नये म्हणून आजवर त्यानं बऱ्याच सबबी खर्च केल्या होत्या. या मंगळवारी तो दार उघडायच्या आधी वीस मिनिटं जिन्यात उभा होता, उशी लहान मुलासारखी छातीशी धरून.

आठ जणांनी उशीभोवती कोंडाळं केलं. 

"रंगांप्रमाणे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला वाटलं..."

"मण्यांना काही अर्थ नसतो हो भाऊजी. घरात असतील ते मणी लावतो आम्ही. दांडी कुठं आहे, त्याला अर्थ."

तीन तास लागले. प्रत्येक दोरा ज्या टाचणीपासून निघाला तिथून बोटानं माग काढत खाली यायचं, शेजाऱ्यांतून सोडवायचा, जागेवर ठेवायचा. मंडळातला एकुलता एक पुरुष, टपालखात्यातून निवृत्त झालेले काका, यात तरबेज निघाले. "पत्ता पुसला गेला तरी पाकीट कुठून निघालं ते शिक्क्यावरून कळतं," ते म्हणाले. "तुम्ही शिक्केही पुसले नाहीत, हे उपकार."

पुसले होते. ते डबी उघडल्यावर कळलं.

"या कुठून काढल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वाकड्या होत्या."

"बाहेरच्या अंगाला कलत्याच मारतात त्या, दोरा ओढतो म्हणून. आणि हे 'जादा' काय?"

"मला वाटलं, उरल्या असतील."

"लेसमध्ये जादा टाचणी नसते भाऊजी. जादा नवरे असतात," टपालकाका म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच मान खाली घातली.

अकरा टाचण्यांचं काम सुटून सैल पडलं होतं. पुन्हा विणायला हरकत नव्हती, पण नेमकी तिथंच नवी जाळी सुरू होत होती. आधीच्या भागावरून तिचा अंदाज येईना, कागदावर नुसती भोकं होती, टाके लिहिलेले नव्हते, आणि हा नमुना मंडळात कुणाकडेच नव्हता. तसं मंडळाच्या नियमांत एकच कलम होतं : नमुना केला की आठवड्यात सगळ्यांना उतरवून घ्यायला द्यायचा. हे कलम सेक्रेटरीबाईंनी, म्हणजे बायकोनं, स्वतः लिहिलं होतं. आणि मोडलंही तिनंच.

"माझ्यामुळे," मुख्याध्यापिका चष्मा पुसत म्हणाल्या. "दोन वर्षांमागं तिनं विणलेला नेच्याच्या पानांचा कोपरा मी प्रदर्शनात लावला. खाली माझं नाव. गडबडीत तिचं राहिलं."

"गडबडीत," टपालकाका म्हणाले.

"हो, गडबडीत. तुम्ही गप्प बसा. त्यानंतरचे नमुने तिनं इथं आणलेच नाहीत."

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, टाचणी मारल्यावर तिच्यापुढं टाका मिटवायचा, म्हणजे त्याच जोड्या पुन्हा ओलांडायच्या, की तसाच उघडा सोडायचा. डॉक्टरीणबाईंनी दाढा बघायचं भिंग डोळ्यांना लावलं, सैल दोऱ्यांवरचे बाक न्याहाळले आणि म्हणाल्या, "मिटवलेला आहे." मुख्याध्यापिका म्हणाल्या, एवढ्या बारीक दोऱ्याला तो जड होईल, सेक्रेटरी असं करणार नाही. अर्धा तास वाद झाला. एकीनं सेक्रेटरीच्या जुन्या रुमालाचा दाखला दिला, दुसरीनं तो रुमाल आपल्या रुमालावरून केलेला असल्याचं सांगितलं. मंडळ सुशिक्षित असल्यामुळे शेवटी मतदान झालं. उघडा : पाच. मिटलेला : तीन.

"माझा विरोध नोंदवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नोंदवणार कोण? सेक्रेटरी तिकडे पडलीय," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

 दोन मुरलेल्या हातांनी बहुमताप्रमाणे अकरा टाचण्या मारल्या. मधे एक टाका चुकला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी तो उलट्या क्रमानं सोडवत नेला : टाचणी काढ, पीळ उलगड, ओलांडलेली जोडी मागं घे. स्टोअरकीपर पाहत राहिला. आल्या वाटेनंच परत जायचं होतं, एकही पायरी न गाळता. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

गुरुवारी वॉर्डात एकालाच आत सोडत. मंडळ खाली बाकांवर बसलं आणि तो फडक्यानं करकचून बांधलेली उशी घेऊन वर गेला.

चार वाजता बायकोला खुर्चीत बसवलं, समोर टेबलावर उशी. थेरपीवाल्या बाई फॉर्म घेऊन बसल्या. त्यावर चार रकाने होते : ओळख, सुरुवात, सातत्य, पूर्तता. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होते, ते भरायची वेळ येऊ नये असे.

दहा मिनिटं ती खिडकीकडे बघत होती. स्टोअरकीपर पुढं वाकला. "अगं, ही बघ तुझी..." त्यानं सुरुवात केली.

"काका, सुचवायचं नाही."

 एवढं सुचवायचं असलेला माणूस कधी इतका गप्प बसला नसेल.

मग तिचा डावा हात उशीवर आला. बोटं दांड्यांवरून फिरली, थांबली, दोन जोड्या बाजूला झाल्या. उजव्या हातानं एक टाचणी उपटली.

"काढली," बाई पुटपुटल्या आणि काहीतरी लिहिलं. दुसरी टाचणी निघाली. "काका, त्या मोडतायत."

"मोडत नाहीये. उसवतेय."

"तेच ते."

"तेच नाही हो. बघा तरी. आधी टाचणी, मग पीळ उलटा, मग जोडी मागं. मोडायचं असतं तर ओढलं नसतं? काढलेली टाचणी बघा कुठं खोचतेय, उशीच्या काठाला, ओळीत. हे आमच्या लोकांनी चुकीचं विणलंय, पाच विरुद्ध तीन, आणि ती ते..."

"काका, फॉर्ममध्ये 'विस्कटणे' आहे. 'उसवणे' नाहीये."

"मग लिहा ना नवीन."

"मला नवीन लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

पाचव्या टाचणीला एक दांडी टेबलाच्या कडेवरून घसरू लागली. तो ती धरायला वाकला, तर बायकोनं उशीवरची नजर न हलवता त्याचा हात मनगटानं बाजूला लोटला. चांगला जोरात.

सात आठवड्यांत तिनं त्याला असा मुद्दाम हात लावला नव्हता. तो हात तसाच हवेत धरून राहिला.

"प्रतिकार," बाई म्हणाल्या. "याचा रकाना आहे."

"चांगल्यात धरतात?"

"नाही."

सात. आठ. तो मनात मोजत होता, जसा आयुष्यभर खोक्यातले नट मोजत आला होता, फक्त या वेळी आकडा चुकला असता तर पुढं सगळंच चुकणार होतं. अकराव्या टाचणीपर्यंत मंडळाचं. बारावी तिची स्वतःची. बाराव्या टाचणीवरही ती गेली, तर बाई बरोबर आणि मागची इमारत बरोबर.

अकरावी निघाली. काठाला खोचली गेली. बोटं बाराव्या टाचणीवर आली आणि डोक्याला धरून राहिली.

त्यानं देवाधर्माचं कधी केलं नव्हतं, त्यामुळे आता कुणाला सांगावं हेही त्याला कळेना.

तिनं अंगठा टाचणीवर ठेवला आणि ती टाचणी आणखी आत दाबली, पक्की बसेपर्यंत. मग तिचे हात थांबले.

"बघितलंत?" त्यानं विचारलं. "बघितलंत ना?"

थेरपीवाल्या बाई फॉर्मची पाठची बाजू भरत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय झालं?"

त्यानं सांगितलं. घाईत, उलटसुलट, आधी बारावी मग अकरावी. ऐकणाऱ्याला वाटावं की तपासणी याचीच चालली आहे.

"मी पाहिलं नाही काका," बाई म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. पण तुम्ही नवरा आहात. नवऱ्यांना सगळं दिसतं. मागच्या आठवड्यात एकांना बायको हसलेली दिसली, त्या झोपल्या होत्या."

पाच वाजता कागद वर जायचे होते. पाचला सात मिनिटं कमी होती. पुढं विणून दाखव, असं बायकोला सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा अंगठा टाचणीवर होता आणि नजर तिथंच.

"कसंही करून आठ दिवस मिळतील का हो?" त्यानं विचारलं.

बाईंनी डोळे चोळले. "तपासणी अपुरी राहिली असं लिहिलं तरच. त्याला कारण लागतं. पेशंट आजारी, वीज गेली, नाहीतर साहित्य सदोष."

"साहित्य सदोष."

"ही उशी?"

"ती चांगली होती. मी बिघडवली. मी दांड्या रंगांप्रमाणे लावल्या, अकरा टाचण्या उपटल्या आणि डबीत भरल्या. पेशंटला तपासणीला बिघडलेला माल दिला गेला. लिहा असं."

"तुमच्या नावानं लिहावं लागेल. सही लागेल."

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या भांडारातून एकही सदोष माल बाहेर गेला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तसं भाषणात सांगितलं होतं आणि ते वाक्य त्यानं पुढं बायकोला निरनिराळ्या निमित्तांनी इतकं ऐकवलं होतं, की ती पाठमोरी होऊन त्याच्यासोबत ओठ हलवायची.

त्यानं पेन घेतलं. कारणाच्या जागी बाईंनी लिहिलं ते वाचलं, 'चूक' या शब्दाआधी 'माझी' घातलं आणि सही केली.

"पुढच्या गुरुवारी चार वाजता," बाई कागद घेऊन उठल्या. "त्यानंतर नाही जमणार काका. आणि त्या दिवशी त्यांनी पुढं काहीतरी करायला हवं. मागं जाणं नाही चालणार."

"हो."

त्या गेल्या. खाली मंडळ वाट बघत होतं. त्यांना जाऊन सांगायला हवं होतं की बहुमत चुकलं. पण भेटीची वेळ संपायला चार मिनिटं होती, म्हणून तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले.