नुसत्या बाळाचं वजन

अहो, इकडे बघा, खिडकीपाशी! मी बोलतोय, बाळांचा वजनकाटा. गंगापूर रोडवरच्या ललिता डॉक्टरांच्या दवाखान्यात असतो. अंगाने पसरट, मधोमध खोलगट आणि समोर लाल आकडे. आज मला गप्प राहवतच नाहीये.

कारखान्यात माझ्यावर लोखंडी वजनं ठेवून माझी परीक्षा घेतली. वजनं मोठी शहाणी, ठेवली की गप्प. वाटलं, आयुष्य निवांत जाणार! पुढे इथे आलो. पहिल्याच बाळाने हातपाय असे झाडले की माझे आकडे सैरावैरा पळाले. वर त्याने मला ओलंही केलं. मी घाबरलो, बिघडलो की काय! पण खरं सांगतो, त्यानंतर लोखंडात माझं मन रमलं नसतं.

सुरुवातीचे दिवस मात्र फुकट गेले. आधीची असिस्टंट आईलाच बाळासकट मोठ्या काट्यावर उभं करायची. माझ्यावर डबे, पर्सा, एकदा तर कोथिंबिरीची जुडी. तिचंही वजन मी इमानाने सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, तरीही.

मग मनाली आली. नुकताच कोर्स केलेली, घरी लहानगी लेक तेजल. ती मला पुसायची, मऊ कापड अंथरायची आणि आकडा शून्यावर आणायची. मग पुन्हा वाकून बघायची, "शून्यच आहे ना?" घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणारी माणसं असतात ना, त्यातली. मला ते आवडायचं. माझा तरी मला कुठे पुरता भरवसा आहे?

पण या महिन्यात ती डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, मी या कामाची नाहीच बहुतेक. इथे दुसऱ्यांची बाळं बघते, तिकडे माझी तेजल आजीपाशी रडते. आणि मी करते तरी काय? बाळ ठेवते, आकडा सांगते."

"महिनाअखेरीपर्यंत विचार कर," डॉक्टर म्हणाल्या.

माझा जीव टांगणीला लागला. पुन्हा कोथिंबीर?

त्यातच एक दिवस नवसाबाई आल्या, सून दीपमाला आणि नातू साईला घेऊन. मखमलाबादेकडे त्यांचा झेंडूचा मळा. बाळाच्या पायात चांदीचे जाड वाळे, कमरेला करदोटा, हातात मनगट्या.

"आकडा मोठ्यानं सांगू नको गं बाई, दिष्ट लागती," नवसाबाईंनी आधीच बजावलं. मनालीला हे ठाऊक असायचं. अशा आज्यांना ती वजन कानातच सांगायची.

मी आकडा दाखवला. मागच्या खेपेपेक्षा छान वाढलेला! नवसाबाई खूश. "बघ दीपमाले, उगं रडत व्हतीस. लय गुटगुटीत झालाय."

मनालीची नजर वाळ्यांवर अडकली. "आजी, हे काढू या का जरा?"

"नाय! परवाच बारशाला मामानं घातलंय. उतरवायचं नाय."

बाहेर रांग होती. आकडा चांगला, आजी खूश. एखादीने 'पुढचं बाळ' म्हटलं असतं. मनाली क्षणभर ओठ चावत उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, मार्केटला झेंडू क्रेटसकट तोलतात ना?"

"तोलत्यात की."

"मग क्रेटचं वजन?"

"वजा करत्यात! व्यापारी सोडतोय व्हय? क्रेट काय देवाला वाहायचाय त्याला?"

मनालीने नुसतं बाळाच्या पायांकडे पाहिलं. नवसाबाईंनीही पाहिलं.

"लय चाबरी हायेस गं!" म्हणत त्यांनी स्वतःच वाळे, करदोटा, मनगट्या, सगळं उतरवलं. "मामाला कळाया नको."

आता माझा आकडा घसरला. नेमका मागच्या खेपेएवढा. बाळ मुळीच वाढलं नव्हतं. अशा वेळी मला मीच दुष्ट वाटतो हो.

डॉक्टरांनी साईला नीट तपासलं. आजार काही नव्हता. त्याला दूध ओढायलाच जमत नव्हतं. "मनाली, बसतेस हिच्याजवळ?"

पडद्याआडून मला मनालीचा आवाज येत होता. "सगळ्या जगाला जमतं, आपल्यालाच जमत नाही, असंच वाटतं ना? तेजलच्या वेळी मीसुद्धा रडायचे. पाठीला उशी घे. त्याचं पोट तुझ्या पोटाला टेकू दे. घाई नको, तोंड मोठं उघडू दे… आत्ता!"

बराच वेळ नुसती कुरकुर. मग एकदम, गट्… गट्… गट्! दीपमाला हसत होती की रडत होती, कोण जाणे.

आज ती तिघं परत आली. वाळे, करदोटा, मनगट्या आधीच नवसाबाईंच्या रुमालात बांधलेले. साईला माझ्यावर ठेवलं आणि त्याने काय लाथा झाडल्या! आकडे वर धावत सुटले. मनालीने डोळेच मिटून घेतले. "शून्य बघितलं होतं ना मी?" अगं बघितलं होतंस, दोनदा! उघड डोळे!

आकडा थांबला. आधी वाचला तो नवसाबाईंनी. "दीपमाले! वाढला गं, वाढला!" आणि त्यांनी आकडाच ओरडून सांगितला. बाहेर बसलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

"आजी, आणि दृष्ट?" मनालीने विचारलं.

"लागू दे मेली! मीठ-मोहऱ्या हायेत घरी."

ती तिघं गेल्यावर मनाली डॉक्टरांपाशी गेली. "मॅडम, ते महिनाअखेरीचं…"

"हं?"

"पडद्याआड एक हातांची खुर्ची मिळेल का? पाजताना आयांचे खांदे भरून येतात."

डॉक्टर हसल्या. "म्हणजे राहतेयस."

"मला जमेल ना पण?"

"मनाली!"

"बरं, बरं. राहतेय."

त्या क्षणी माझ्यावर काहीच नव्हतं, तरी आकडा जरा हलला असेल. कोणी पाहिलं नाही ते बरं.

तर मंडळी, बाळ माझ्यावर ठेवाल तेव्हा थोडा दम धरा, आकडा थांबू द्या. आणि थांबला की लगेच माझ्याकडे वाकू नका. आधी मनालीच्या तोंडाकडे बघा. वजन वाढलं असेल, तर तुमच्याआधी ती हसलेली असेल.